खपली पडायचे दिवस

आमच्या खोलीतले किस्से कुठे सांगायची सोय नसते. बँकेतली बाई बँकेतलं सांगते, शाळेतली शाळेतलं सांगते. मी तोंड उघडलं की माझी नणंद म्हणायची, "वहिनी, आधी जेवणं होऊ द्या." आणि जेवणं झाली की कोणी थांबायचं नाही! त्यामुळे एकोणीस वर्षांचा माल माझ्यापाशी तसाच पडून आहे. आज तुम्हीच विषय काढलाय, तर ऐका. ज्याला किळस येते त्याने आत्ताच उठून चहा ठेवावा.

मी वर्ध्याच्या एका हॉस्पिटलात एंडोस्कोपीची सिस्टर आहे. घर सिंदी मेघेला, नोकरी नळीशी. नळीच्या टोकाला कॅमेरा, समोर टीव्ही आणि खोलीत आम्ही चौघं. ठोंबरे सर मोठे डॉक्टर. आफरीन मॅडम त्यांच्या हाताखाली शिकून तयार झालेल्या धाकट्या डॉक्टर. गिरजामावशी अटेंडंट. मावशींची शाळा दुसरीत सुटली, घरी त्या गोंडी बोलतात, आमच्याशी वऱ्हाडी बोलतात आणि नळी धुण्यात त्यांचा हात अख्ख्या हॉस्पिटलात कोणी धरू शकत नाही. चौथी मी. माझं तोंड जरा चालतं, पण ते असो.

आमचं काम काय ते एकदा सांगते. मोठ्या आतड्यात आतून कधीकधी चामखिळीसारखा कोंब येतो, त्याला पॉलिप म्हणतात. राहू दिला तर काहींचा पुढे कॅन्सर होतो. म्हणून सर तो तारेच्या फासात धरतात, करंट देतात आणि काढून घेतात. माणूस बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी. मागे राहते जखम, तिच्यावर खपली. गुडघ्यावरची पडते तशी हीसुद्धा पडते, कोणाची पाचव्या दिवशी, कोणाची बाराव्या. बहुतेकांना पत्ताही लागत नाही. एखाद्याला मात्र त्या जागेतून रक्त सुटतं. आणि ते दुखत नाही. सगळी गोची तिथेच आहे.

*

भाऊरावजी आंजीचे. गोभी लावणारे, हसरे, प्रत्येक वाक्याला "हो जी" म्हणणारे. पॉलिप निघाला, घरी निघाले, तेव्हा सूचना मीच दिल्या. रक्त दिसलं, शी काळी झाली, चक्कर आली तर लगेच या. बाहेर सहा पेशंट ताटकळत होते, म्हणून मी भराभर म्हणून टाकलं. ते तीनदा "हो जी" म्हणाले.

सहाव्या दिवशी दारात मालवाहू ऑटो थांबला. गोभीच्या क्रेटांमधे जागा करून भाऊरावजींना आडवं घातलं होतं. ओठ पांढरे, अंग गार, नाडी हाताला लागेना.

त्यांची बायको सांगत होती, "दोन दिवसापासून सारखे जाऊन राह्यले जी. मी म्हनलं दवाखान्यात चाला. तर म्हनते, सिस्टरनं पोट साफ कराची दवा देल्ली होती ना, थेच अजून सफाई करून राह्यली."

ती दवा तपासणीच्या आदल्या दिवसाची. म्हणजे आठवडा उलटलेला! रक्त पोटात साचलं की तेच जुलाबाचं काम करतं, पण हे त्यांना कोण सांगणार?

मी विचारलं, "अहो, रक्त दिसलं नाही का त्यांना?"

"पहाटे वावरात जाते थे. तिथं कोन पाह्यते जी?"

चार बाटल्या रक्त चढलं. सरांनी पुन्हा नळी घातली, वाहती जागा शोधली आणि तिथे चिमुकला धातूचा चिमटा बसवला, त्याला क्लिप म्हणतात. संध्याकाळी भाऊरावजींनी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न केला, "गोभी उतरवली का?"

त्यांची बायको हसली आणि मग रडली. मी नळ्या धुवायच्या सिंकमागे जाऊन रडले. रडणं माझ्या स्वभावात नाही, पण त्या माणसाला सूचना मी दिल्या होत्या आणि तो माझ्याच सूचनांवर "हो जी" म्हणून मरायला निघाला होता.

सर मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "सिस्टर, तुम्ही सांगितलं, त्यांनी ऐकलं आणि तरी हे झालं. म्हणजे सांगून भागत नाही. उद्यापासून प्रत्येकाला चौदा दिवस, दिवसाआड फोन. या खोलीतून गेलेला माणूस पुन्हा असा यायला नको."

ते शब्द मी पदरात बांधून घेतले. तेव्हापासून एकच हट्ट, एकही सुटता कामा नये.

*

आता फोनवर विचारायचं काय? सरांनी प्रश्न लिहून दिले. "मलाचा वर्ण, प्रमाण आणि वारंवारिता." मी पहिल्या दहा जणांना विचारलं. दहाही जण म्हणाले, "बरं आहे जी."

आपल्या जिल्ह्यात माणूस विहिरीत पडला आणि वरून विचारलं तरी तो "बरं आहे" म्हणेल. त्यात फोन घरातल्या सुनेजवळ. सासऱ्यासमोर जी मोठ्याने हसत नाही, ती त्याला शीचा रंग कसा विचारणार? एकीने सरळ सांगितलं, "सिस्टर, मी नाई विचारत. तुमीच या अन् विचारा."

मी वैतागून बसले होते. गिरजामावशी नळी पुसता पुसता म्हणाल्या, "रंग कोन सांगते सिस्टर? वस्तू विचारा."

झालं! आम्ही बसून यादी केली. हळद म्हणजे ठीक. कुंकू म्हणजे ताजं रक्त. जांभूळ म्हणजे आतून वरच्या बाजूने येतंय. डांबर म्हणजे हळूहळू झिरपून काळं झालेलं. हळद असेल तर घरी, बाकी काहीही असेल तर गाडी काढा आणि या. एकदाच थेंबभर लाल दिसलं तर एवढी घाई नाही, पण तरी फोन करा.

पहिल्याच आठवड्यात एका बाईने मला झापलं. "सिस्टर, सवाशिणीच्या घरी फोन करता अन् कुंकवाचं नाव असल्या जागी घेता?" बरोबर होतं तिचं. मी माफी मागितली आणि कुंकू काढून टमाटर घातलं.

मग काय विचारता! ती "तुमीच या" म्हणणारी सून. फोनवर मला सगळं ऐकू येत होतं. ती स्वयंपाकघराच्या दाराआडून म्हणाली, "मामाजी, सिस्टर विचारते, हळद का टमाटर?"

आतून खणखणीत आवाज आला, "हळद म्हनाव, हळद. अन् चाय आन."

*

टमाटरचा पहिला फटका मलाच बसला. कोल्हेकाका माझ्याच गल्लीतले. पॉलिप काढून चौथा दिवस. सकाळी मी देवाला फुलं तोडत होते, तर फाटकाशी काका उभे. चेहरा पडलेला, हातात स्टीलचा डबा.

"टमाटर आहे सिस्टर."

मला वाटलं काकूंनी भाजी पाठवली. मी हात पुढे केला, तर काकांनी डबा मागे घेतला. "खायचं नाही. दाखवायचं आहे."

शेजारणी गॅलरीत आल्या होत्या. मी काकांना रिक्षात घातलं, डब्याला पिशवीत घातलं आणि निघाले. सरांनी नाडी पाहिली, बीपी पाहिलं, रक्त तपासलं. सगळं जागेवर. डबाही पाहिला. गिरजामावशींनी डब्यात एकदाच डोकावून विचारलं, "बीट खाल्लं का जी?"

काकू मागून म्हणाल्या, "दोन दिवस रसच देते ना. रक्त वाढावं म्हणून."

आफरीन मॅडमना हसू आवरेना, त्या फाइल तोंडापुढे धरून बाहेर गेल्या. काका ओशाळले. सरांनी मात्र त्यांना दुपारपर्यंत बसवून ठेवलं, पुढची शी पिवळी झाल्याचं पाहिलं आणि मगच सोडलं. जाताना म्हणाले, "काका, दहा वेळा बीट घेऊन आलात तरी मी बघेन. एकदा रक्त घेऊन घरी बसू नका."

मी सूचनांच्या कागदावर भर घातली, चौदा दिवस बीट बंद. काकू माझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. त्यांच्या मळ्यात त्या वर्षी बीटच होतं.

*

बीटाने मला शहाणं केलं असं वाटत होतं. मंदाबाईंनी माझी परीक्षा घेतली.

मंदाबाई आठवडी बाजारात भाजी घेऊन बसायच्या. पॉलिप मोठा होता, आतड्याच्या उजव्या बाजूला. दहाव्या दिवशी मी फोन केला आणि विचारलं, आज काय? त्या शांतपणे म्हणाल्या, "डांबर."

"डांबर? आणि मला सांगितलं नाही?"

"अवो, लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना. त्यानं काळी होतेच, आशाताईनं सांगतलं."

गावच्या त्या आशा कार्यकर्तीचं खरं होतं. लोहाने शी काळी होते. आफरीन मॅडम शेजारी बसल्या होत्या, त्याही म्हणाल्या, "आयर्न असेल." माझा अंगठा फोन बंद करायच्या बटनावर गेला होता. पण माझी एक वाईट सवय आहे, मला शेवटचा शब्द लागतो. मी विचारलं, "मंदाबाई, पाणी टाकल्यावर जाते का?"

"नाई ना जी. तीन बालट्या टाकल्या, भांड्याले चिकटूनच राह्यते. अन् वास असा का म्हैस पलटून जाईन."

मी ताडकन उठले. लोहाची काळी शी चिकटत नाही आणि असा वास मारत नाही. "दम लागतो का?"

"थोडासा. ओट्यावर बसाव लागते मधात. पन दुखत गिखत काईच नाई."

"मंदाबाई, आत्ता निघा."

"उद्या बाजार आहे. बाजार करून येतो."

"बाजाराला गेलात तर टोपलीसकट आडव्या व्हाल. मी ऑटोवाल्याला फोन लावतेय, तुम्ही चपला घाला."

आल्या. कुरकुरत आल्या. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन निम्म्याला आलं होतं! सरांनी नळी घातली, जागा सापडली, ठिबकत होती. दोन क्लिपा लागल्या. मंदाबाई टीव्हीवर बघत होत्या, म्हणाल्या, "हे माह्या पोटात होऊन राह्यलं अन् मलेच मालूम नाई?"

आफरीन मॅडमनी आपल्या छोट्या वहीत काहीतरी लिहून घेतलं. मी वाकून पाहिलं. लिहिलं होतं, "तीन बालट्या विचारणे."

त्या दिवशी मी घरी जाताना गाडीवर गाणं म्हणत गेले. सिग्नलला लोक बघत होते, बघू देत.

*

कारंज्याचे ढाबेवाले गुप्ताजी म्हणजे आवाज. त्यांना फोन लावला की आधी मला दहा सेकंद ऑर्डरी ऐकाव्या लागायच्या. "चार नंबर को दाल, छे नंबर की रोटी काऊन नाई गेली," आणि मग माझ्याकडे वळून, "हां सिस्टर, बोलिये, एकदम हळद."

त्यांच्या हृदयात स्टेंट होता, म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू होत्या. हृदयाच्या डॉक्टरांना विचारून त्यातली एक गोळी आम्ही काही दिवस थांबवली होती. पुन्हा कधी सुरू करायची ते कागदावर लिहून दिलं होतं, रोज एक.

आठव्या दिवशी फोन लावला. ऑर्डर नाही. ढाब्यावरची भांडी, ट्रकचे हॉर्न, सगळं ऐकू येतंय आणि मधूनच बारीक आवाज, "हां सिस्टर. हळद."

मी म्हटलं, "गुप्ताजी, आज आवाज काऊन लहान झाला?"

"गर्मी बहोत आहे ना. थोडा चक्कर आया."

"गर्मीत तुमचा आवाज वाढतो. भाभींना फोन द्या."

भाभींनी फोन घेतला. मी सांगितलं, कपाळाला हात लावा. त्या म्हणाल्या, "ठंडा है. पसीना है." मी सांगितलं, आता कोणी काही विचारू नका, संडासात जाऊन बघून या. त्या परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज नवऱ्यापेक्षा बारीक झाला होता. "दीदी, पूरा जांभूळ."

हा माणूस मला हळद सांगत होता! का, तर ढाब्यावर गिऱ्हाईक जेवत होतं, त्याच्यासमोर खरं कसं बोलणार?

अॅम्ब्युलन्सने आणलं. सरांनी विचारलं, गोळ्या कशा घेतल्या. गुप्ताजी पडल्या पडल्या अभिमानाने म्हणाले, "साहब, जितने दिन की छूटी थी, सब एकसाथ ले ली. हिसाब में मैं पक्का हूँ."

सरांनी कपाळाला हात लावला. मग दीड तास घाम गाळून रक्त थांबवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात शिरले, तर लिफ्टपाशीच मला ऐकू आलं. सात नंबरच्या पेशंटला दूध काऊन नाई आलं म्हणून गुप्ताजी वॉर्डबॉयला झापत होते. वॉर्डाची सिस्टर मला म्हणाली, तुमच्या पेशंटला गप्प करा. मी म्हटलं, अजिबात नाही.

*

एक छोटासा. माझ्या मावसभावाच्या मुलीचं लग्न, मी पंगतीत बसलेली, पानात आलूभात आणि मठ्ठा. फोन वाजला. पंगतीत डीजेचा आवाज, मला काही ऐकू येईना, म्हणून मी स्पीकर लावला आणि ओरडून विचारलं, "गुठळ्या किती पडल्या? चमचाभर का वाटीभर?"

पंगत थांबली. वाढपी मठ्ठ्याचं भांडं घेऊन जागच्या जागी उभा राहिला. माझ्या नणंदेने पान पुढे सरकवलं आणि उठून गेली.

पेशंटला काही विशेष नव्हतं, मूळव्याधीचे दोन थेंब होते. तरी बोलावून तपासलं. पण दोन दिवसांनी ओपीडीत तीन ओळखीचे चेहरे. तिघंही त्या पंगतीतले! प्रत्येकाने एकेकटं गाठून हळूच सांगितलं, "ताई, तुमी फोनवर जे विचारत होत्या ना, थे मले सहा महिन्यापासून आहे."

तिघांची तपासणी झाली. दोघांना मूळव्याध. तिसऱ्याला चांगला बोराएवढा पॉलिप, वेळेत निघाला. तो तिसरा म्हणजे नणंदेचा नवरा. तेव्हापासून जेवताना ती मला थांबवत नाही, फक्त स्वतः जरा लांब बसते.

*

आता शेवटचा. हा मी आजवर बाहेर कोणाला सांगितला नव्हता, पण आता सरच सगळ्यांना सांगत सुटलेत, तर मी काय लपवू?

सरांनी स्वतःची तपासणी करून घ्यायला चार वर्षं टाळाटाळ केली. शेवटी आफरीन मॅडमनी तारीख घातली, त्यांनीच नळी घातली आणि पॉलिप निघाला. डावीकडे, बऱ्यापैकी जाड देठाचा. मॅडमनी तो स्वच्छ काढला. सर दोन दिवस घरी राहिले आणि तिसऱ्या दिवशी ओपीडीत हजर.

मी माझी यादी सोडली नाही. शेजारच्या खोलीत बसून त्यांना दिवसाआड फोन करायची. ते वैतागायचे. "सिस्टर, मी भिंतीपलीकडे आहे. हळद. पुढचा पेशंट पाठवा."

आठव्या दिवशी ओपीडी तुडुंब भरलेली. मी फोन केला, ते म्हणाले, "हळद, हळद," आणि ठेवून दिला. मला समाधान वाटलं. खरं सांगते, मी पुढच्या नावाकडे वळले.

गिरजामावशी माझ्या टेबलाशी आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब एका घंट्यात चौथ्यांदा गेलते."

"पोट बिघडलं असेल मावशी."

"भिंत धरून गेलते."

मी उठले. सर केबिनमधे परत येऊन बसत होते. कपाळावर घामाचे थेंब आणि पंखा पाचवर. मी म्हटलं, "सर, नाडी बघू."

"मूळव्याध आहे माझी जुनी. त्याचंच थोडं आहे. मला कळतं सिस्टर, मी डॉक्टर आहे. बाहेर चाळीस लोक बसलेत."

"सर, पण चौदा दिवस..."

"तो नियम मी केलाय," ते म्हणाले. मला इतक्या तुटकपणे ते कधी बोलले नव्हते. मी पुढे केलेला हात मागे घेतला. एकोणीस वर्षं ज्यांच्या हाताखाली काम केलं, त्यांचा हात जबरदस्तीने कसा धरणार? मला भाऊरावजींचे पांढरे ओठ दिसत होते आणि पाय जागचा हलत नव्हता. माझी मलाच लाज वाटली.

तेवढ्यात ते पुन्हा उठले. पाचव्यांदा. कॉरिडॉरच्या टोकाला स्टाफचा संडास, ते आत गेले, कडी लागली. गिरजामावशी माझ्या पुढून चालत गेल्या आणि दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ओपीडीतले पेशंट बघताहेत, वॉर्डबॉय बघताहेत.

मावशींनी दारावर दोनदा टकटक केलं. "साहेब, पानी नका टाकू. मले पाहू द्या."

मावशींनी पुन्हा टकटक केलं.

"साहेब, मी हलत नाई इथून."

मग कडी निघाली. सर बाहेर आले, चेहरा कागदासारखा, आणि दाराच्या बाजूला सरकून उभे राहिले. पाणी टाकलं नव्हतं. मावशी आत गेल्या, वाकल्या, बाहेर आल्या. माझ्याकडे बघून एकच म्हणाल्या, "स्ट्रेचर."

सरांचे गुडघे तेव्हाच वाकले. मी आणि मावशींनी दोन्हीकडून धरलं. नाडी एकशे तीस! मावशींनी ओपीडीच्या रांगेला सांगितलं, "आज डॉक्टर पेशंट आहे. ज्याले घाई नाई त्यानं बसा, ज्याले घाई आहे त्यानं आत दुसऱ्या साहेबाले दाखवा." एकही जण उठून गेला नाही.

सलाईन लावलं, रक्तपेढीला फोन गेला, एनिमा झाला. आफरीन मॅडमनी नळी हातात घेतली, खाली ठेवली, पुन्हा घेतली. ज्या माणसाने त्यांना नळी धरायला शिकवली, तोच टेबलावर. आणि तो माणूस टेबलावर पडूनही शिकवत होता. "डावीकडे वळ. पाणी मार. घाई करू नको."

"सर," मॅडम म्हणाल्या, "आता बोलू नका."

तो हुकूम दिला आणि मॅडमनी नळी न अडखळता पुढे सरकवली. टीव्हीवर सगळं लाल. पाणी मारलं, पुन्हा लाल. पुन्हा पाणी मारलं, आणि देठाच्या जागेवर एक बारीक धार उडताना दिसली. मी क्लिप हातात दिली. पहिली सटकली. दुसरी बसली. तिसरी तिच्या शेजारी बसली. धार थांबली. आम्ही तिघी टीव्हीकडे टक लावून उभ्या होतो. पाणी मारलं, स्वच्छ. पुन्हा मारलं, स्वच्छ. गुलाबी, नितळ आतडं. मी आयुष्यात पाहिलेल्या सुंदर गोष्टींत ते आतडं पहिल्या पाचात आहे, हसायचं तर हसा.

मी बाहेर जाऊन सांगितलं, रक्त थांबलं. चाळीस लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यात दोन म्हातारे असे होते की त्यांना काय झालं हे माहीतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर खाटेवर टेकून बसले होते. सुई लावलेला हात उशीवर, चेहऱ्यावर रंग आलेला. भेटायला हॉस्पिटलातले सगळे मोठे डॉक्टर जमले होते. सरांनी सगळ्यांसमोर मावशींना बोलावून घेतलं. मावशी हात पुसत आल्या आणि खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या.

सर म्हणाले, "मावशी, सिस्टरला मी गप्प बसवलं. आफरीनला मी दाद दिली नसती. तुम्हाला नाही वाटलं का, की हा एवढा मोठा डॉक्टर, याला कसं अडवावं?"

मावशींनी ओला हात पुन्हा एकदा पदराला पुसला.

"साहेब," त्या म्हणाल्या, "संडासात गेल्यावर कोनी डॉक्टर राह्यते का?"